चुका वाचताना

'सूर्य' हा शब्द एकदा सावकाश म्हणून बघा. आधी सू, मग र्, मग य. आता तो लिहा. सू झाला की हात थेट य कडे जातो, आणि य पुरा झाल्यावर मागे फिरून त्याच्या डोक्यावर रफार ठेवतो. तोंडात आधी आलेला आवाज कागदावर शेवटी उतरला. 'किरण'मध्ये बरोबर उलटं: क नंतर ऐकू येणारी इ क च्या आधी काढायची. 'प्रकाश'मधला र प च्या पायाशी तिरका बसतो, 'ट्रक'मधला ट च्या खाली टोपी घालून उभा राहतो. आपण हे सगळं सहा-सात वर्षांचे असताना शिकलो, आणि शिकावं लागलं होतं हेही विसरून गेलो. ज्याला ते विसरता येत नाही, ज्याला प्रत्येक 'सूर्य' पहिल्यांदाच लिहिल्यासारखा लिहावा लागतो, असं मूल माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतं.

मी सरकारी रुग्णालयातली मानसशास्त्रज्ञ. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या केसपेपरवर बालरोगतज्ज्ञांनी बहुधा दोनच अक्षरं लिहिलेली असतात, 'एलडी', म्हणजे अध्ययन अक्षमता, आणि पुढे प्रश्नचिन्ह. शाळेचं पत्र, बोनाफाईड, गुणपत्रिका यांच्याबरोबर वह्याही आणायला आम्ही सांगतो. वह्या काढून देताना पालक संकोचतात. काही आया तर आदल्या रात्री बसून मुलाकडून कोरी वही सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. ती मी बाजूला ठेवते. मला जुनी हवी असते, कोपरे दुमडलेली, खोडून खोडून पानाला भोक पडलेली.

कारण चुका मला वाचायच्या असतात. शिक्षकांचं लाल पेन चुका मोजतं. दहापैकी दोन, खाली सही, 'सुधारणा आवश्यक'. चाळीस-पन्नास वह्या तपासणाऱ्याला याहून जास्त जमणार नाही, हे मला कळतं. पण उरलेल्या आठ चुका एकसारख्या नसतात. 'पाणी'चं 'पानी' लिहिणाऱ्या मुलाची मला मुळीच काळजी वाटत नाही. त्याच्या घरी अहिराणी बोलतात, नाहीतर वऱ्हाडी. त्याने जे ऐकलं ते चोख लिहिलं. कान आणि हात यांचं छान जमलेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनीही मी फारशी हलत नाही. त्या निकषावर निम्म्या महाराष्ट्राला माझ्याकडे नंबर लावावा लागेल, आणि रांगेत बरेच संपादक असतील. मी थांबते ती 'मगर'चं 'गरम' झालेलं दिसतं तेव्हा. 'सकाळी'तलं मधलं अक्षर गळून 'सळी' उरते तेव्हा. आणि सगळ्यांत जास्त थांबते ती एकाच पानावर 'माणूस' तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला असतो तेव्हा, आणि त्यातला एक बरोबर असतो तेव्हा. शाळेचा शेरा त्या बरोबर आलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणतो: येतं त्याला, लक्ष देत नाही. मला तोच एक अस्वस्थ करतो. नियम मनात पक्का बसला असता, अगदी चुकीचा का होईना, तर चूकही दर वेळी तीच झाली असती. इथे दर वेळी नवा अंदाज आहे, आणि एक अंदाज लागला आहे.

अशाच एका चुकीची नोंद १८९६च्या नोव्हेंबरातल्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं गाव आहे. तिथले डॉक्टर डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, वर्गातल्या कुणापेक्षा कमी नाही. फक्त वाचता येत नाही. सात वर्षांचा असल्यापासून शिकवण्या चालू, तरी छोटे छोटे शब्दसुद्धा जमेनात. डॉक्टरांनी त्याला ७४९ गुणिले ८६७ करायला दिलं, ते त्याने झटपट आणि अचूक केलं. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर 'पर्सी'चं 'प्रेसी' केलं, आणि कुणी दाखवून देईपर्यंत त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तिकडेही शेवटी र नेच दगा दिला. त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गननी नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

त्या मास्तरांचा मला हेवा वाटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी, कसलीही चाचणी हाताशी नसताना, त्यांनी मुलाची अडचण आणि मुलाची बुद्धी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या होत्या. आमचं सगळं शास्त्र त्यानंतर हेच करत आलं आहे.

मास्तरांच्या त्या वाक्याने माझ्या मनात नेहमी खानदेश उभा राहतो. तिथल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी गायिलेलं लिहून ठेवलं ते मुलाने आणि मुलाच्या मावसभावाने. त्यांना शाळाच मिळाली नव्हती, अडचण कसलीच नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पण जात्यावरच्या, शेतातल्या, कीर्तनातल्या त्या तोंडी जगात पर्सीसारखी किती माणसं सुखाने नांदून गेली असतील, याचा विचार करायला मला आवडतं. पाठांतर, नकला, हिशेब, ओव्या, भांडणं, सगळं तोंडी. त्या जगात ही अडचण कुणाला दिसलीच नसती. पाटी आली, मग वही आली, मग तीन तासांचा पेपर आला, आणि मेंदूची एक जुनी, निरुपद्रवी तऱ्हा आजाराच्या रांगेत येऊन उभी राहिली. म्हणून पाटी टाकून द्यावी असं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

या अडचणीकडे पहिल्यांदा ज्यांचं लक्ष गेलं त्यांत डोळ्यांचे डॉक्टर बरेच होते. १८८७ मध्ये 'डिस्लेक्सिया' हे नाव देणारे रुडॉल्फ बर्लिन जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ, आणि पुढे या विषयावर विस्ताराने लिहिणारे हिन्शलवूड ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद. त्यामुळे दोष डोळ्यांत असावा हा समज जो बसला तो बसलाच. अजूनही पालक सांगतात, "मॅडम, तीनदा नंबर तपासला, काही निघत नाही." अक्षरं उलटी दिसतात, नाचतात, हे तर सिनेमानेही घरोघर पोचवलं. 'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला आणि त्यानंतरची काही वर्षं ओपीडीत जी गर्दी झाली तिचं ऋण मी मानते, पण नाचणाऱ्या अक्षरांनी थोडी दिशाभूल केली. बहुतेक मुलांची अडचण डोळ्यांत नसते. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज वेगळे करणं, ते क्रमाने धरून ठेवणं, त्यांची अक्षरांशी गाठ बांधणं आणि ती गाठ झटकन सोडवता येणं, इथे ती अडखळतात. 'कपाट'मधला प काढून टाकला तर काय उरेल, असं मी तोंडी विचारते. कागद नाही, पेन्सिल नाही, डोळे मिटले तरी चालतील. बोलण्यात वाघ असलेली मुलं या प्रश्नावर गप्प होतात.

तरीही डोळे आणि कान आधी तपासावेच लागतात, आणि ही पायरी ओलांडून जाण्याची पालकांची घाई मला पटत नाही. 'नुसती टेस्ट घ्या ना, कान कशाला?' कान यासाठी की लहानपणी वारंवार कान वाहिलेल्या मुलाला मागच्या बाकावर शिकवलेलं अर्धंच ऐकू येतं, आणि अर्धं ऐकलेलं मूल अर्धं लिहितं. एखादं मूल वर्गात मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतं. बाई म्हणतात तंद्री लागते. बालरोगतज्ज्ञांना त्यात फिटचा एक प्रकार दिसतो, आणि तो औषधाने आटोक्यात येतो. रक्त कमी असतं, थायरॉईड असतो, घरात रोज रात्री दारूवरून भांडणं असतात. आधी ही सगळी कारणं तपासून बाजूला ठेवायची. उरतं ते माझं. अध्ययन अक्षमता कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. एकेक दार बंद करत तिच्यापर्यंत पोचावं लागतं.

मग येते बुद्ध्यांकाची चाचणी. तिची पेटी उघडली की मुलांचे डोळे चमकतात, ठोकळे असतात ना. आमच्याकडे वापरात असलेल्या दोन जुन्या चाचण्या याच मुलखात घडल्या, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. पुढे १९६०च्या दशकात डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात बसून अमेरिकेतल्या वेक्सलर यांच्या चाचणीला भारतीय रूप दिलं. दोघांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण चाचणी आजोबांच्या पिढीची आणि मूल मोबाईलवर रील बघणारं, हा संसार आता फार ताणला गेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नवे मानदंड बसवायला पैसा लागतो आणि वर्षं लागतात. ते काम दिसत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून मागे पडतं.

ठोकळे जुळवताना मी स्टॉपवॉच तळहाताखाली ठेवते. ते दिसलं की हात थरथरतात. शाळेत घड्याळाने या मुलांचं कधी भलं केलेलं नसतं. आकडे ऐकवून उलट क्रमाने म्हणायला सांगते. गोष्टीतलं शहाणपण विचारते: असं झालं तर तू काय करशील? इथे मूल खुलतं. परीक्षेत न विचारलं जाणारं सगळं इथे विचारलेलं असतं. बाहेर बाकावर बसलेली आई दाराच्या फटीतून पोराचा आवाज ऐकते आणि नंतर विचारते, "इतकं बोलत होता?"

शेवटी एक आकडा निघतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं: तो ८५च्या वर असेल तर पुढे वाचन-लेखनाची तपासणी. बुद्धी सरासरीइतकी असून वाचन मागे असेल तरच ही अक्षमता म्हणायची, असा त्यामागचा विचार. विचार समजतो. पण ८५ हा काही डोंगर नाही की अलीकडे एक गाव आणि पलीकडे दुसरं. सत्तर ते चौऱ्याऐंशीच्या मधली मुलं मतिमंद ठरत नाहीत आणि एलडीही ठरत नाहीत. शाळेत तर सर्वांत जास्त हीच झगडतात. या सूचनांत त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्यांचा अहवाल लिहिताना माझं पेन रेंगाळतं, कारण शेवटची ओळ वाचून बाप विचारणार असतो, "मग आता काय?" आणि मला पुढचं दार माहीत नसतं.

वाचन-लेखनासाठी बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेला चाचणीसंच याच सूचनांनी मान्य केला. तो मुख्यतः पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेला. दहावीच्या मुलाला तो लावताना ओढाताण होते. त्याहून मोठा प्रश्न भाषेचा. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी वाचता येत नाही हे अक्षमतेमुळे, की घरात, गल्लीत, बाजारात ती भाषाच त्याच्या कानावर पडत नाही म्हणून? दोन्हीची चूक वरवर सारखीच दिसते. म्हणून मी मराठी उताराही वाचून घेते. आई म्हणते, "मॅडम, त्याला मराठी येत नाही, तो इंग्लिश मीडियमला आहे," आणि मराठीत म्हणते. खरी अध्ययन अक्षमता एक भाषा सोडून दुसरीत सुखाने बसत नाही; ती दोन्हीकडे आपली खूण सोडते, फक्त वेगवेगळ्या प्रकारे. इंग्रजीत एकाच आवाजाला पाच स्पेलिंगं, त्यामुळे तिथे चुकांचा पाऊस. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं बरंचसं ठरलेलं, त्यामुळे मूल बरोबर वाचतं, पण अंगठ्याने एकेक अक्षर दाबत, इतकं हळू की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. शाळा म्हणते, "मराठी वाचतो की!" वाचतो, पण समजण्यासाठी त्याच्याकडे काही शिल्लक उरत नाही.

भारतीय भाषांसाठी म्हणून खास घडवलेली 'डाली' ही चाचणी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, आणि २०१५ मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. सव्वीस अक्षरांच्या लिपीवर बेतलेली कसोटी आपल्या मुलांना लावणं किती अपुरं आहे, हे तिने दाखवलं. आपल्याकडे व्यंजनं गुणिले बाराखडी, वर जोडाक्षरं. मुलाला काही शे आकृत्या ओळखायच्या असतात. साधं, कसलीही अडचण नसलेलं मूलसुद्धा जोडाक्षरांवर चौथीपर्यंत घुटमळतं. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला घेऊन धावत येणाऱ्या आईबापांना मी परत पाठवते, मात्र रिकाम्या हाताने नाही. घरी काय करायचं ते सांगते, बाईंसाठी चिठ्ठी देते. ठसा मारायची घाई नको, पण मदतीला मुहूर्त कशाला पाहायचा?

आकड्यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तोंडात आधी तीन येतो, लिहिताना आधी सहा. 'एकोणतीस' लिहायचे तर तोंडातल्या तिसाला मागे सारून दोन आणि नऊ काढायचे. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची जोडवाट आली, तेव्हा राज्यभर गदारोळ उठला. विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनं रूपही पुस्तकात आहे, नवं फक्त अडणाऱ्या मुलांसाठी. त्या वादात मी मनाने पूर्णपणे नारळीकरांच्या बाजूने होते आणि आहे. ज्यांनी चेष्टा केली त्यांनी त्रेसष्टचे छत्तीस लिहून रोज मार खाल्लेलं मूल कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. भाषेच्या अभिमानाचं ओझं वाहायला आपल्याला नेहमी दुसरीतलीच मुलं का सापडतात, कोण जाणे.

सर्वांत शेवटी मी मुलांना आवडत्या विषयावर आधी बोलायला आणि मग लिहायला सांगते. एका मुलाने गावच्या जत्रेचं वर्णन केलं. बगाड, नारळांचे ढीग, मौत का कुआँमधला मोटारसायकलवाला कसा एका हाताने नोटा झेलतो, आजीची चप्पल कशी हरवली. मी हसून हसून बेजार झाले. मग कागद दिला. बराच वेळ गेल्यावर त्यावर आलं: 'मी जत्रा गेलो. मजा आली. पाळणा बसलो.' चुका जवळजवळ नाहीतच. लिहिता येणार नाहीत ते सगळे शब्द त्याने शिताफीने टाळले होते. बगाड गेलं, मोटारसायकल गेली, आजीही गेली. वहीत चुका कमी दिसतात, त्याबरोबर मुलगाही कमी दिसतो. हे कुठल्या गुणात मांडायचं ते मला अजून कळलेलं नाही; मी अहवालात दोन्ही शेजारी शेजारी उतरवून देते.

पालकांशी बोलणं हा तपासणीचाच भाग. ही तऱ्हा घराण्यात वाहते, त्यामुळे मी फॉर्म मुद्दाम वडिलांच्या हातात देते. बरेचदा तो हळूच बायकोकडे सरकवला जातो: चष्मा घरी राहिला. वायरमन असतात, सुतार असतात, गॅरेजवाले असतात. एकाने भिंतीतली वायर कुठून गेली असेल ते माझ्या खोलीत बसल्या बसल्या सांगितलं होतं. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," ते म्हणतात. होतं. त्याला तेव्हा वेताची छडी म्हणत.

आता कागदाविषयी. लोक माझ्याकडे निदानासाठी कमी आणि सर्टिफिकेटसाठी जास्त येतात. यात महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असं बरंच आहे. केंद्राच्या १९९५च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेला जागाच नव्हती; ती मिळाली २०१६च्या कायद्यात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. महाराष्ट्राने मात्र १९९६ पासूनच या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. जादा वेळ, रायटर म्हणजे लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, एक भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. मुंबईत शीव, नायर, केईएम अशी महापालिकेची मोजकी रुग्णालयं हे काम वर्षानुवर्षं ओढत आली. शीवच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या मुलांविषयी केलेलं संशोधन आजही वाचलं जातं.

सवलत म्हणजे लबाडी, असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. तासाला वीस मिनिटं जादा मिळाल्याने न येणारं उत्तर येत नाही. येणारं उत्तर कागदावर उतरायला वेळ मिळतो, एवढंच. खोटं सर्टिफिकेट मागणारेही येतात, नाही असं नाही. पण ज्याला वाचता येतं तो न येण्याचं सोंग फार वेळ टिकवू शकत नाही. तो सगळीकडे सारखाच चुकतो. खऱ्या मुलाच्या चुकांना स्वतःचा एक हट्टी स्वभाव असतो, तो शिकवून येत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. सगळे येतात ते नववीत, नाहीतर दहावीचं निम्मं वर्ष उलटल्यावर. तोपर्यंत मुलाने सात-आठ वर्षं स्वतःला ढ म्हणवून घेतलेलं असतं. नववीतल्या एका मुलीला मी निकाल समजावून सांगितला, बुद्धी उत्तम आहे, अडचण फक्त वाचनात आहे. ती म्हणाली, "मग हे पाचवीत का नाही सांगितलं?" तिने रडून नाही, चिडून विचारलं, आणि तिचं चिडणं मला अगदी रास्त वाटलं. सर्टिफिकेटने तिला दहावीत रायटर मिळाला. वाचायला कुणीच शिकवलं नव्हतं, आणि त्या महिन्यात ते शिकवायला कुणाला सवड नव्हती.

कारण यावर गोळी नाही. बाजारात स्मरणशक्तीची चूर्णं आहेत, डोळ्यांचे व्यायाम आहेत, रंगीत चष्मे आहेत. त्यांनी वाचन सुधारत नाही आणि खिसा मात्र सुधारतो, विकणाऱ्याचा. उपयोगी पडते ती जुनी, कंटाळवाणी, रोजची मेहनत. शब्द तोंडी तोडायचा, आवाज बोटांवर मोजायचे, अक्षर वाळूत गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं, पक्कं झालं की मग पुढचं. हे करणारे विशेष शिक्षक शहरात फी घेऊन मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वाट्याला येतात ते अनेक शाळांची फेरी मारणारे फिरते शिक्षक, म्हणजे आठवड्यातून एखादा दिवस आणि एसटी चुकली तर तोही नाही. त्यामुळे सवलतींचा फायदा शिकल्यासवरल्या, इंग्रजी माध्यमातल्या, पश्चिम उपनगरांतल्या घरांनी अधिक घेतला, आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलांच्या शेऱ्यात 'अभ्यासात कच्चा' एवढंच राहिलं. हा अन्याय मेंदूने केलेला नाही.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. २०१८च्या सूचनांनी ठरवून दिलं की तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचं झालं की शाळेनेच प्राथमिक चाळणी करायची, आणि प्रमाणपत्रही आठ वर्षं पूर्ण झाल्यापासून द्यायचं. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा, असंही त्यांत होतं. म्हणजे कायद्याने तुम्हाला दहावीच्या सात वर्षं आधी बोलावलेलं आहे. मूल तिसरीत असेल, गोष्ट रंगवून सांगत असेल आणि तीच गोष्ट वाचताना अडखळत असेल, तर मुख्याध्यापकांकडून पत्र घ्या आणि जिल्हा रुग्णालयात या. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.